पाण्याला सोपी वाट नको

कुंभकोणमच्या भांडीबाजारात कॉफीचा पितळी फिल्टर हातात घेतला की त्याचे चार भाग सुटे होतात. खाली डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, साठवणारं भांडं, त्यावर बसणारं आणि तळाला बारीक भोकं असलेलं दुसरं भांडं, वर झाकण. या तिघांचं काम पाहताक्षणी कळतं. चौथा भाग म्हणजे मधोमध दांडी असलेली एक भोकाभोकांची चकती. ती कशासाठी, हे दुकानदार सहसा सांगत नाही, कारण तिथल्या गिऱ्हाइकाला ते सांगावं लागत नाही. आपल्याकडे मात्र दक्षिणेच्या सहलीहून हौसेने आणलेला फिल्टर फडताळात असतो आणि नेमकी ती चकती हरवलेली असते. चकतीवाचूनही कॉफी होते, पण पातळ होते. मग दोष पावडरीला दिला जातो, दुधाला दिला जातो, फार तर मुंबईच्या पाण्याला.

हे प्रकरण त्या चकतीचं आहे, आणि एस्प्रेसोच्या यंत्रापाशी उभा असलेला माणूस हातात जो दट्ट्या धरतो, त्या टॅम्परचंही. दिसायला दोघे वेगळे आहेत, काम एकच: कॉफीची पूड सारखी पसरायची आणि सारखी दाबायची.

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसलेलं कुंभकोणम मराठी माणसाला अगदी परकं नाही. तंजावरला भोसल्यांचं राज्य व्यंकोजीपासून १८५५ पर्यंत टिकलं, आणि त्या काळात इकडून गेलेली घराणी या गावात रुजली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावात, अशाच एका मराठी कुटुंबात जन्मले. त्यांच्या बालपणी या घरांतून सकाळी कॉफीचा वास येत असेल असं मात्र समजू नये. तमिळ मध्यमवर्गाच्या स्वयंपाकघरात कॉफी शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला. इतिहासकार ए. आर. वेंकटाचलपती यांनी या बदलावर फार वाचनीय लिहिलं आहे. रात्रीच्या भातातलं आंबवलेलं पाणी पिऊन दिवस सुरू करणाऱ्या घरांनी कॉफी जवळ केली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिला चक्क व्यसन म्हटलं. पुढे तीच कॉफी घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण झाली आणि पाहुण्याला कशी कॉफी मिळाली यावरून यजमानाची पत ठरू लागली.

कुंभकोणमचं नाव या कॉफीला कसं चिकटलं, याची कथा पंचपकेश अय्यर यांच्या लक्ष्मी विलास या हॉटेलाभोवती सांगितली जाते. पाणी न घातलेलं, ताजं गाईचं दूध ही तिथली ख्याती. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ या नावातल्या ‘डिग्री’चा संबंधही बहुतेक जण दुधाशीच जोडतात. दुधात लॅक्टोमीटर सोडला की तो जितक्या अंशावर तरंगेल त्यावरून दुधाचा दाटपणा कळतो. निर्भेळ गाईच्या दुधात हा आकडा साधारण २८ ते ३२ येतो. हल्ली चेन्नईहून दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’च्या पाट्या आणि पितळी डबरा-टंबलर मांडलेल्या टपऱ्या मैलोगणती दिसतात. त्यांतल्या किती जणांकडे लॅक्टोमीटर आहे, हे विचारण्याच्या भानगडीत आपण पडू नये.

माझ्या मते या सगळ्या कीर्तीत दुधाने थोडा जास्तच मान खाल्ला आहे. दूध जितकं कसदार, तितकं डिकॉक्शन दाट लागतं. एक भाग डिकॉक्शनला तीन-चार भाग दूध घालूनही कॉफीची चव वर यायची असेल, तर ते डिकॉक्शन चहासारखं पातळ असून चालत नाही. कुंभकोणमचं खरं कौशल्य शोधायचं तर ते दुधाच्या चरवीइतकंच फिल्टरच्या वरच्या भांड्यात, त्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या थरात शोधावं लागेल.

त्या थरात काय घडतं, याचा नियम कॉफीशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसाने घालून दिला. हेन्री दार्सी हा फ्रान्समधल्या दिजाँ शहराचा अभियंता. शहराला नळाचं स्वच्छ पाणी मिळावं म्हणून त्याने वाळूतून पाणी गाळण्याचे प्रयोग केले. उभा लोखंडी नळ वाळूने भरायचा, वरून पाणी सोडायचं, खाली किती वेळात किती येतं ते मोजायचं. १८५६ मध्ये त्याने निष्कर्ष छापला: पाण्याचा दाब जितका जास्त तितका प्रवाह जास्त, थर जितका जाड तितका प्रवाह कमी, आणि बाकी सगळं त्या थरातून पाणी किती सहज झिरपतं यावर. विहिरीला पाणी किती लागेल याचं गणित आजही याच नियमावर मांडतात. कॉफीचा फिल्टर हाही त्या नळाचाच अवतार आहे, वाळूच्या जागी कॉफी एवढाच फरक.

‘किती सहज झिरपतं’ हा त्यातला कळीचा भाग. कणांच्या मधली मोकळी जागा थोडी जरी कमी झाली, तरी पाण्याची वाट फार अरुंद होते. जोझेफ कोझेनी आणि फिलिप कारमन यांनी १९२७ ते १९३७ या काळात बसवलेल्या सूत्रात ही मोकळी जागा तिसऱ्या घातात येते. एक हिशोब करून पाहू. भांड्यातल्या पुडीचा एक भाग जरा सैल राहिला, त्यात मोकळी जागा शंभरात ४५. दुसरा भाग जरा दाबला गेला, तिथे ४०. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. सूत्रात हे आकडे घातले तर सैल भागातून पाणी दाबलेल्या भागाच्या जवळपास पावणेदोनपट वेगाने जातं. म्हणजे भांड्यातल्या एका बाजूची कॉफी धुऊन निघते, तिच्यातला कडवटपणा आणि तुरटपणासुद्धा खाली उतरतो, आणि दुसरी बाजू नुसती भिजून राहते. पाटाचं पाणी बांधात जिथे उंदराचं बीळ सापडेल तिथूनच फुटतं आणि बाकीचा वाफा कोरडा ठेवतं, तसंच हे. कॉफीच्या धंद्यात या प्रकाराला चॅनेलिंग म्हणतात.

म्हणून पूड भरण्याची पद्धत. चमच्याने पूड घातली की मध्ये ढीग होतो आणि कडा रिकाम्या राहतात. भांडं हलक्या हाताने ओट्यावर टेकवत, बाजूने टिचक्या मारत ढीग मोडायचा. चिकोरी घातलेली पूड हवेतली ओल लवकर धरते, पावसाळ्यात तिच्या गुठळ्या होतात, त्या आधी काट्याने फोडायच्या. मग चकती सरळ, आडवी सोडायची आणि दांडीवर बोटं ठेवून हलकेच दाबायची. दांडी तिरकी झाली की थरही तिरका होतो, एका बाजूला पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड, आणि दार्सीचा नियम पातळ बाजूच्या बाजूने निकाल देतो.

चकती तिथेच राहू द्यायची. अनेक जण दाबून झाल्यावर ती काढून घेतात, आणि तिचं निम्मं काम तिथे फुकट जातं. वरून ओतलेल्या उकळत्या पाण्याची धार थेट पुडीवर पडली तर तिथे खड्डा पडतो, पूड उसळते, बारीक कण वर येतात आणि इतक्या निगुतीने बसवलेला थर क्षणात विस्कटतो. चकती ही धार अंगावर घेते आणि तिच्या भोकांतून पाणी सगळीकडे सारखं उतरतं.

ही दोन्ही कामं दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने नेमकी लिहून ठेवली होती. काउंट रमफर्ड, मूळचा अमेरिकेतला बेंजामिन थॉम्सन. म्युनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना निघणारी उष्णता पाहून उष्णता म्हणजे पदार्थ नव्हे असं सांगणारा तोच हा शास्त्रज्ञ. १८१२ मध्ये त्याने कॉफी उत्तम कशी करावी यावर एक निबंधच लिहिला. गाळणीच्या भांड्यातली पूड सपाट करून दाबावी, सुमारे दोन-तृतीयांश इंचाचा थर दाबून अर्ध्या इंचावर आणावा आणि वरच्या पाण्याने तो ढवळला जाऊ नये म्हणून भोकांची चकती असावी, असं त्याचं म्हणणं. तोफा आणि कॉफी या दोन्ही विषयांत सारखंच लक्ष घालणारी माणसं हल्ली भेटत नाहीत. व्हिएतनाममधल्या ‘फिन’ या छोट्या गाळणीतही अशीच चकती असते, काहींत तर ती स्क्रूने खाली आवळता येते.

आता प्रश्न असा की दाबायचं किती. कुंभकोणमच्या फिल्टरचं उत्तर: अगदी थोडं. इथे पाण्याला खाली ढकलायला कोणी नाही, आहे ते फक्त त्याचं स्वतःचं वजन. पुडीवर पाच सेंटिमीटर पाणी उभं असेल तर त्याचा दाब भरतो साधारण ०.००५ बार. एवढ्याशा दाबाने झिरपायचं म्हटल्यावर थर फार आवळला तर पाणी वरच अडून बसतं. त्यातून पाणी थंड होत जातं तसं ते जड वाहतं. ९५ अंशांच्या पाण्याच्या तुलनेत ५० अंशांच्या पाण्याचा चिकटपणा पावणेदोन-दोनपट असतो, म्हणजे सुरुवातीला अडलेलं डिकॉक्शन पुढे आणखीच अडतं. झाकण ठेवायचं ते एवढ्यासाठीही. दुसऱ्या टोकाला, चकती टेकवलीच नाही तर पाणी पाच मिनिटांत खाली येतं आणि रंगाव्यतिरिक्त फारसं काही आणत नाही. थेंब थेंब पडत दहा ते वीस मिनिटांत उतरलेलं डिकॉक्शन, हा सर्वसाधारण सुवर्णमध्य.

चिकोरीचा वाटा इथे मोठा आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. भारतात ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. नेपोलियनच्या नाकेबंदीत युरोपला कॉफी मिळेना तेव्हा तिची जागा घेऊन ते फोफावलं. त्यात कॅफिन नसतं. आपल्या कायद्यानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी. चांगल्या दुकानांत ८०-२० किंवा ७०-३० असं प्रमाण सांगून दळून घेता येतं, माटुंग्यालाही. शुद्ध कॉफीवाले चिकोरीला भेसळ म्हणून नाक मुरडतात. मला ते अर्धवट वाटतं. चिकोरीतून कॉफीच्या मानाने कितीतरी जास्त अंश पाण्यात उतरतो, डिकॉक्शनला रंग आणि घट्टपणा येतो, आणि ती पाणी पिऊन फुगते, त्यामुळे थरातल्या वाटा आपोआप अरुंद होतात. म्हणजे चिकोरीवाली पूड चकतीचं काम थोडं स्वतःच करते. शुद्ध कॉफी या फिल्टरमध्ये करायची असेल तर दळण अधिक बारीक हवं आणि चकती जरा अधिक दाबायला हवी, नाहीतर डिकॉक्शन भरभर उतरतं आणि चांगल्या बियांचे पैसे वाया जातात.

एस्प्रेसोकडे वळण्याआधी एक खुलासा. आपल्या लग्नांत मंडपाच्या कोपऱ्यात फुसफुसणाऱ्या यंत्रातून जी फेसाळ दुधाची कॉफी मिळते आणि जिच्यावर कोको भुरभुरतात, तिला सगळे एस्प्रेसो म्हणतात. ती वाफेने फेसाळलेल्या दुधात इन्स्टंट पावडर घालून केलेली असते. चव छान असते, पण तिथे ना थर, ना दाब. खरा एस्प्रेसो इटलीचा. लुइजी बेझेराच्या १९०१ च्या यंत्रात वाफेच्या जोरावर पाणी ढकललं जाई, त्यामुळे दाब फार वाढवता येत नसे. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गाजियाने दांडा ओढून स्प्रिंगच्या ताकदीने पाणी दाबायला सुरुवात केली, आणि पेल्यावर सोनेरी फेस दिसू लागला. १९६१ च्या फाएमा ई ६१ या यंत्राने स्प्रिंगच्या जागी विजेचा पंप आणला. तेव्हापासून जगभर ठरलेला आकडा साधारण ९ बारचा.

हे ९ बार म्हणजे किती? कुंभकोणमच्या फिल्टरच्या अठराशेपट. तेवढा दाब नुसत्या पाण्याच्या वजनाने हवा असेल तर पुडीवर सुमारे ९२ मीटर, म्हणजे तीनशे फूट उंच पाणी उभं करावं लागेल. कुंभकोणमच्या सारंगपाणी मंदिराचं गोपुर १७३ फुटांचं, तंजावरच्या बृहदीश्वराचं विमान २१६ फुटांचं. एवढा लोंढा अंगावर आल्यावर सैल पुडीचा निभाव लागणं शक्य नाही, म्हणून दळण पिठाच्या जवळ जाणारं आणि थर आवळलेला हवा. साधारण १८ ग्रॅम पूड, ५८ मिलिमीटर व्यासाची जाळी, २५ ते ३० सेकंदांत दुप्पट वजनाचं पेय, असा हिशोब बहुतेक कॅफेंत चालतो.

नवशिका बरिस्ता म्हणूनच जोर लावतो. टॅम्परवर १५ किलोचा भार पडला पाहिजे, असं कित्येक वर्षं शिकवलं गेलं, लोक वजनकाट्यावर दाबून सराव करत. पण गणित पाहा. ५८ मिलिमीटर व्यासाच्या चकतीचं क्षेत्रफळ २६ चौरस सेंटिमीटरांहून थोडं जास्त. १५ किलो म्हणजे तिच्यावर अर्ध्या बारच्या आसपास दाब. त्यानंतर पंप सुरू होतो आणि त्याच चकतीभर जागेवर सुमारे २४० किलोंचा भार येतो. हाताने १२ किलो लावले की १८, याने पंपासमोर काय फरक पडणार? कण एकदा एकमेकांना टेकले की आणखी जोराने ते फारसे आवळतही नाहीत. हात बिघडवू शकतो ते दुसरंच: दट्ट्या तिरका धरणं, एका बाजूला ढीग असतानाच दाबणं, दाबून झाल्यावर जाळीच्या कडेला ठक्कन मारून काठाशी फट पाडणं. टॅम्परचं काम पातळी धरण्याचं आहे.

आणि पातळीच्याही आधी पसरण्याचं. जॉन वाइस या अमेरिकन हौशी कॉफीबाजाने २००५ मध्ये जाळीतली पूड बारीक सुईने तळापर्यंत ढवळून मोकळी करायची युक्ती सांगितली. सुरुवातीला लोक हसले असतील, आज सुयांची ती पिंजणी महागड्या कॅफेंतही दिसते. वरून सपाट दिसणाऱ्या थरात खोलवर गुठळी दडलेली असते. दाबल्याने ती फुटत नाही, आहे तिथेच कडक होते. दळताना घर्षणाने येणाऱ्या स्थिर विजेमुळेही कण एकमेकांना चिकटतात. ओरेगनमधले रसायनशास्त्रज्ञ क्रिस्टोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की दळण्याआधी बियांवर पाण्याचा शिडकावा केला तर ही वीज आणि गुठळ्या बऱ्याच कमी होतात. त्याआधी २०२० मध्ये त्यांच्याच गटाने आणखी अडचणीचं सत्य मांडलं होतं. दळण अधिकाधिक बारीक केलं की अर्क वाढतच जातो असं नाही. एका हद्दीनंतर थराचे काही भाग बुजतात, पाणी उरलेल्या भागांतून पळतं आणि दर पेल्याला चव बदलते. जरा भरड दळून, पूड कमी घालून त्यांना जास्त एकसारखे पेले मिळाले. दाट हवं म्हणून पीठ करण्याचा मोह घरच्या फिल्टरलाही तसाच नडतो.

काळ्या एस्प्रेसोच्या घोटभर पेल्यात चॅनेलिंगची चूक लगेच जिभेवर येते, आंबट आणि कडू एकाच वेळी. फिल्टर कॉफीत दूध आणि साखर ती झाकतात, त्यामुळे आपल्याला चूक कळते ती फक्त ‘आज पातळ झाली’ एवढीच. यासाठी एक साधी परीक्षा आहे. डिकॉक्शन उतरल्यावर चकती अलगद उचलून ओला चोथा पाहायचा. सगळीकडे सारखा सपाट असेल तर हात बरोबर होता. एका कडेला खळगा किंवा भेग दिसली तर पाणी तिथून गेलं. कॅफेतले जाणकार जाळीतली वडी उलटी करून हेच पाहतात. अलीकडे ते जाळी धरणारी, तळ उघडा असलेली मूठ लावून धारा कुठून सुरू होतात तेही बघतात.

डिकॉक्शन अडलं तर लगेच चकती दोषी धरू नये. ताजी भाजलेली पूड गरम पाणी लागताच वायू सोडते आणि फुगते, म्हणून आधी पूड भिजेल एवढंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबणारे लोक उगाच थांबत नाहीत. दोन भांडी फार घट्ट बसली असतील तर खालची हवा बाहेर पडत नाही आणि थेंब थांबतात. वरचं भांडं जरा उचलून सैल ठेवलं की सुरू होतात. तरीही अडलं तर तळाची भोकं बुजलेली असतात. रिकामं स्टीलचं भांडं गॅसवर क्षणभर धरलं की अडकलेले कण जळून झडतात. कल्हईच्या पितळी भांड्याला मात्र आच लावू नये, कथील वितळतं. त्याची भोकं बारीक ब्रशने साफ करावीत. आणि पहिलं डिकॉक्शन उतरल्यावर त्याच चोथ्यावर दुसरं पाणी घालायचं असेल तर चकती न हलवता घालावं. ते पातळच येतं, पण पहिल्यात थोडं मिसळून दुपारची कॉफी भागते, आणि कुंभकोणमच्या काटकसरी घरांत ते कधीच ओतून दिलं जात नाही.